वर्ध्याची नाडी आणि उसने माप

2011 च्या जनगणनेने वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख 774 अशी नोंदवली. त्याआधीच्या दशकात, म्हणजे 1991 ते 2001 या काळात, जिल्ह्याची लोकसंख्या 1 लाख 69 हजारांनी वाढली होती. पुढील दशकात मात्र ही वाढ अवघ्या 64 हजारांवर आली. वाढीचा दर जवळजवळ 16 टक्क्यांवरून 5 टक्क्यांच्या आसपास उतरला. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढत होती.

या घसरणीचा अर्थ काय लावावयाचा? कुटुंबे लहान झाली, मुली शिकल्या, असे म्हणावे तर ती समाधानाची बाब ठरते. आर्वी, कारंजा, आष्टीकडील तरुण काम नाही म्हणून नागपूर-पुण्याची वाट धरीत असतील, तर तोच आकडा जिल्ह्याच्या अशक्तपणाचे लक्षण होय. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे एकूण शिरगणतीतून कळत नाही. त्यासाठी स्थलांतराचे सविस्तर तक्ते लागतात. आणि 2011 च्या जनगणनेतील ते तक्ते हाती यावयास 2019 साल उजाडले. 2021 ची जनगणना तर झालीच नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्याच्या लाभार्थ्यांची मर्यादा अजूनही 2011 च्या डोकेमोजणीवरच बेतलेली आहे.

महागाईची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. शिक्षकाचा किंवा कारकुनाचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकाच्या आधारे वाढतो, तो औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय निर्देशांक होय. त्यासाठी ज्या निवडक केंद्रांतील भाव टिपले जातात, त्यांत नागपूर आहे, वर्धा नाही. तरीही पगारदाराचे बरे म्हटले पाहिजे. उशिरा का होईना, भाववाढीची थोडीफार भरपाई त्याच्या हाती पडते. सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील शेतमजुराचा निर्देशांक मात्र 1986-87 हे पायाभूत वर्ष धरून, 1983 च्या पाहणीतील खर्चाच्या प्रमाणावर थेट 2025 पर्यंत काढला जात होता. मधल्या चार दशकांत खेड्यात मोबाइल आला, मुलांच्या शिकवणीची फी आली, खासगी दवाखान्याचे बिल आले. आणि तराजूत मात्र जुनेच धान्य राहिले! 2025 मध्ये पायाभूत वर्ष 2019 करण्यात आले, हे योग्यच झाले.

शेतकऱ्याला महागाई दोन्ही बाजूंनी गाठते, कारण तो विकणाराही आहे आणि घेणाराही. 2021-22 च्या हंगामात विदर्भात कापसाने क्विंटलला 10 हजारांचा टप्पा ओलांडला. पुढे भाव कोसळले. 2023-24 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,020 रुपये होता, आणि 2025-26 साठी तो 8,110 रुपये ठरला; म्हणजे वाढलेला हमीभावही 2021-22 च्या त्या बाजारभावाखालीच राहिला. खत, वेचणीची मजुरी व किराणा मात्र कापसाच्या भावाबरोबर खाली आले नाहीत. त्यातच 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरील आयातशुल्क माफ करण्यात आले. हिंगणघाटच्या बाजारात गाडी उभी करणाऱ्याला महागाईचा एकच सरासरी टक्का ऐकवणे व्यर्थ आहे.

रोजगाराच्या बाबतीत शब्दांची व्याख्याच दिशाभूल करते. आठवड्यात एक तास काम मिळालेली व्यक्तीही चालू साप्ताहिक स्थितीच्या मापाने रोजगारात मोजली जाते. निंदणाला दोन दिवस गेलेली बाई आणि पुलगावच्या दारूगोळा भांडारातील कायम कर्मचारी एकाच रकान्यात बसतात. बेकारीचा टक्का त्यामुळे कमी दिसतो. वस्तुतः जनगणनेने मुख्य काम करणारा आणि सीमांतिक काम करणारा असा भेद सहा महिन्यांच्या कसोटीवर केलेला आहे. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्याला तीच कसोटी अधिक लागू पडते. सोयाबीन काढणीला यंत्र आले की कुणाचे नाव बेकारांत जात नाही. वर्षातील कामाचे दिवस तेवढे कमी होतात. जानेवारी 2025 पासून केंद्राच्या श्रमबल पाहणीत नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक मानला जाऊ लागला आहे; दरमहा प्रसिद्ध होणारे आकडे मात्र देशाचेच असतात.

खेड्याचे अर्थकारण जागेवर जाऊन मोजण्याची परंपरा वर्ध्याला नवी नव्हे. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चालविणारे जे. सी. कुमारप्पा यांनी त्याआधी गुजरातेतील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. संगणक नसताना खेडोपाडी फिरून जे झाले, ते आज न जमण्याचे कारण नाही. जिल्हा सांख्यिकी कार्यालय सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. त्यात वर्धा, आर्वी व हिंगणघाट येथील किरकोळ भाव आणि आठही तालुक्यांत शेतमजुराला मिळालेल्या कामाचे दिवस नियमाने नोंदवावेत. महाविद्यालयांतील अर्थशास्त्राचे विद्यार्थी या कामी हाताशी आहेतच.

आगामी जनगणनेची संदर्भतिथी 1 मार्च 2027 आहे. तिच्यातील स्थलांतराचे तालुकावार तक्ते या वेळी आठ वर्षे न रखडता दोन वर्षांच्या आत मिळावेत, अशी मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी आताच नोंदवून ठेवली पाहिजे.