आली, आली आहे, आली होती

आपल्या घरांत जेवणाच्या टेबलावर एक सामना नेहमी रंगतो. बाबा म्हणतात, "आजी हॅज कम यस्टरडे," आणि मुले खुदकन हसतात. थोड्या वेळाने मुलगी म्हणते, "आम्ही दहा वर्षं इथे राहिलो आहोत," आणि बाबा कपाळाला हात लावतात. आम्हांला वाटते, दोन्हीकडचे हसणे थांबावे. चूक निष्काळजीपणाची नसते. एका भाषेचा नियम दुसरीत जातो, इतकेच.

बालमित्रांनो, "आजी काल आली आहे" हे मराठीत अगदी बरोबर आहे. 'काल'ने वेळ कळते, 'आहे'ने आजी अजून घरी आहे हे कळते. इंग्रजीला ही जोडी चालत नाही. यस्टरडे, लास्ट वीक अशी संपलेली वेळ सांगितली, की 'हॅज' गळते: "आजी केम यस्टरडे." वेळ न सांगता नुसती बातमी दिली, तर "आजी हॅज कम" ठीक. तसेच "गेल्या वर्षी पुण्याला गेलो होतो" यातल्या 'होतो'साठी 'हॅड' नको. "वी वेंट" पुरते. 'हॅड' लागते ते भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची सांगताना.

पालकहो, मुलांचे "राहिलो आहोत" हेही "वी हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स" या बिनचूक इंग्रजीतून आलेले असते. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला मराठी वर्तमानकाळ वापरते: "दहा वर्षं इथे राहतो आहोत." "राहिलो आहोत" ऐकून वाटते, मुक्काम हलला! आणि "डिड यू ईट यट?" यावर मुलांना टोकू नये. भारतात आपण ब्रिटिश वळणाचे "हॅव यू ईटन?" शिकलो, अमेरिकेत बोलताना दोन्ही चालतात.

हसण्याची धास्ती बसली, की मूल आजीशी फोनवर मराठी बोलायचे टाळते, आणि आई शाळेच्या सभेत प्रश्न विचारायचे टाळते. हे नुकसान व्याकरणाच्या चुकीपेक्षा मोठे आहे. म्हणून आमची सूचना: दर आठवड्याला वर्गात दहा मिनिटे राखावीत. मुलांनी पालकांचे एक इंग्रजी वाक्य आणावे, पालकांनी मुलांचे एक मराठी. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहावीत आणि नियम शोधावा. हसायचेच असेल, तर सगळ्यांनी मिळून हसावे.