गाडीचे वय मोजणाऱ्यांनो, गंज मोजा!



कापूस-ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पत्रकात पालघरकडच्या मासवणचे काय काम, असे तुम्ही विचाराल. पालघरहून मनोरकडे निघाले आणि वाघोबा खिंड उतरली की सूर्या नदीच्या अंगाला हे गाव लागते. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ते पाहिले असेल. पण त्या पट्ट्यात गंजलेले लोखंड आज आपल्या दारात येऊन उभे राहते आहे. त्याच लोखंडावर आपण कापूस लादतो आणि त्याच्याच पाठीवर वेचणीच्या बाया भल्या पहाटे बसून जातात. म्हणून हे लिहिणे.

गेल्या वेचणीच्या हंगामाआधी आमच्या एका सोबत्याला पिकअप घ्यायची होती. नवी घेण्याची ऐपत कापसाच्या भावाने कोणाची ठेवली आहे? बोईसर-पालघरकडे जुन्या गाड्या स्वस्त मिळतात असे कोणीतरी सांगितले, म्हणून आम्ही तिघे तिकडे गेलो. गाडी नऊ वर्षांची. रंग नवा, टायर बरे, इंजिन घड्याळासारखे. फिटनेसचा कागद अवघा चार महिन्यांपूर्वीचा. आम्ही कागद पाहिला, रंग पाहिला, इंजिनाचा आवाज ऐकला आणि पैसे मोजले. गाडीखाली वाकून कोणी पाहिले नाही. तिघांत एक शेतीचा पदवीधर होता, तो म्हणजे हे लिहिणारे आम्हीच. मातीचा नमुना घेताना दोन वीत खाली खणणारा माणूस गाडी घेताना वरचा रंग पाहून भुलला.

वाघोबा खिंडीच्या उतारावर पुढे एक एसटी थांबली. ब्रेक दाबला. पॅडल नेहमीपेक्षा खोल गेले. दुसऱ्यांदा दाबले तर जवळजवळ पाटाला टेकले. गाडी रिकामी होती, दुसऱ्या गिअरवर होती, आणि पुढच्या चाकांचे ब्रेक शाबूत होते, म्हणून हँडब्रेक ओढत कशीबशी एसटीच्या मागे हातभर अंतरावर थांबली. मागे वीस क्विंटल कापूस असता, किंवा वीस बाया असत्या, तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता.

गिअर खाली ठेवून, जीव मुठीत धरून मासवणच्या नाक्यापर्यंत आलो. तिथल्या मिस्त्रीने चाकांना दगड लावले आणि तो गाडीखाली शिरला. बाहेर आला तो हातात नळीचा वीतभर तुकडा घेऊनच. मागच्या एक्सलकडे जाणारी ती ब्रेकची नळी, चासीला जिथे पट्टीने आवळलेली असते, नेमकी तिथे कुजली होती. नख लावले की पापुद्रे सुटत होते, चुलीवरच्या जुन्या तव्याचे सुटतात तसे. मिस्त्री म्हणाला, "मासळीची गाडी आहे साहेब. बर्फाचं पाणी गळून गळून खालून खलास होते. वरून काय, रंग मारला की झालं."

ही नळी म्हणजे काय चीज आहे ते समजून घ्या. पोलादाची, बाहेरून पावणेपाच मिलिमीटर जाड, आणि तिची भिंत पाऊण मिलिमीटरपेक्षाही पातळ. आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपात दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोचा दाब असतो. जोरात ब्रेक मारला की या काडीएवढ्या नळीत तो शंभर किलोच्या आसपास जातो. पायाचा जोर चाकापर्यंत पोचवणारे दुसरे काहीही नाही, फक्त नळीतले तेल. नळी फुटली की तेल रस्त्यावर आणि पाय हवेत. बरे, ही नळी सांगून फुटत नाही. गंज तिला बाहेरून खात खात कागदाइतकी करतो, तरी रोजच्या हलक्या ब्रेकला ती टिकते. ती जाते ज्या दिवशी जीव खाऊन ब्रेक मारावा लागतो त्याच दिवशी. गरजेला दगा देणारा सोयरा म्हणतात तो हाच.

आता सरकारकडे वळू.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने गाड्या भंगारात काढण्याचे धोरण वाजतगाजत आणले. जुनी गाडी प्रदूषण करते, जुनी गाडी अपघात करते, म्हणून जुनी गाडी मोडा. त्यापाठोपाठ १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांच्या फिटनेसची फी अनेक पटींनी वाढली: हलक्या गाडीला ७,५०० रुपये, ट्रकला १२,५०० रुपये. २०२५ च्या नोव्हेंबरात फी पुन्हा वाढली आणि वाढीव दराची पायरी पंधरावरून दहा वर्षांवर आली. सगळा हिशेब वर्षांचा. गाडी किती साली जन्मली एवढेच विचारायचे. ती कुठे राहिली, काय वाहिले, खालून कशी आहे, याला फीच्या तक्त्यात रकानाच नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दुसऱ्या एका सोबत्याची पिकअप सतरा वर्षांची आहे. मासवणहून परतल्यावर आम्ही तिच्याखाली झोपून पाहिले. नळीवरचा मूळचा मुलामा अजून शाबूत. कोरडी हवा, वर्षातले आठ महिने धूळ. धुळीने लोखंड मरत नाही. किनाऱ्यावरच्या नऊ वर्षांच्या गाडीला कागद मिळाला आणि ती खिंडीत दगा देऊन बसली. विदर्भातल्या सतरा वर्षांच्या धडधाकट गाडीला मात्र वयाचा दंड. याला सुरक्षा म्हणायचे की वसुली?

हे आपल्याला नवे नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर ढिगाकडे नजर टाकून प्रत ठरवायचा आणि वर्षभराची मेहनत एका नजरेत खालच्या प्रतीत जायची. धागा किती लांब, हे त्याने मोजलेले नसायचे. फिटनेसचा कारभार त्याच शाळेत शिकलेला आहे. आता म्हणे यंत्रावर तपासणी होणार, माणसाची मनमानी संपणार. यंत्राला आमचा विरोध नाही. पण चाके रोलरवर फिरवून ब्रेकचा जोर मोजणारे यंत्र आजचा जोर सांगते. नळीची भिंत कागदाएवढी उरली असली तरी त्या दिवशी ती फुटली नाही तर गाडी पहिल्या वर्गात पास. गंज पाहायचा तर कोणीतरी बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरले पाहिजे आणि चिमट्याच्या पट्ट्यांखाली खरवडले पाहिजे. ते काम कोण करतो, हे ज्याने त्याने आपापल्या पासिंगचा दिवस आठवून सांगावे.

अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तिथे जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ च्या पिकअप आणि त्याच घडणीच्या मोठ्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारी आल्या. सुमारे ५० लाख गाड्यांचा प्रश्न. तिथल्या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याने काही वर्षे चौकशी केली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती बंद केली. निष्कर्ष असा की हा त्या एका कंपनीचा दोष नव्हे, मिठाच्या प्रदेशात सात-आठ वर्षे चाललेल्या गाड्यांचे हे दुखणे आहे. कंपनी सुटली आणि खर्च मालकाच्या गळ्यात पडला, हे आम्हाला पटलेले नाही. पण त्या खात्याने निदान एवढे केले: मिठाची राज्ये कोणती ते नावानिशी सांगितले, गाडीची खालची बाजू धुवा, नळ्या तपासा, गंज दिसला तर तुकडा न जोडता सगळी नळी बदला, असे मालकांना जाहीर सांगितले. आमच्याकडे सातपाटीपासून तारापूरपर्यंत खारा वारा आहे, मासळीच्या गाड्या आहेत, रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, चार महिने धो धो पाऊस आहे. तिथली गाडी आमच्याकडे विकली जाताना कोणत्या कागदावर हे लिहिलेले असते?

(जाता जाता सांगतो. सूर्येचे धरण झाले शेतीच्या नावाने, आणि मासवणच्या पंपांवरून पाणी जाते वसई-विरारला. तो विषय एका पूर्ण अंकाचा आहे.)

आता थोडे आपल्या घरात पाहू. मीठ फक्त समुद्रात असते असे समजू नका. आम्ही शेतीशास्त्र शिकलो ते इथे उपयोगी पडले. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, आणि त्यात वजनाने जवळजवळ निम्मे क्लोराईड असते. मिठात लोखंड खाणारा तोच. फाटक्या पोत्यातले खत पिकअपच्या फळ्यांतून खाली सांडते, चासीवर आणि नळीवर बसते. पावसाळ्यात खताच्या उघड्या पोत्याला जसे पाणी सुटते तसेच तिथे त्याला सुटते, आणि ती जागा कधी वाळतच नाही. वरून चिखलाचा थर. म्हणजे यवतमाळची गाडीही खते वाहून वाहून मासवणची होऊ शकते. खताची फेरी झाली की गाडी खालून धुवा. फवारणीनंतर पंप धुता ना?

ब्रेक ऑइलचेही तसेच. ते हवेतले पाणी शोषते. त्यामुळे नळ्या आतून गंजतात, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पॅडल पोकळ लागते. दोन वर्षांनी ते बदलायचे असते. आम्ही बैठकांत विचारले, बदलले कोणी? कमी झाले की वरून ओततो, असे उत्तर. अहो, ते कमी झाले म्हणजे कुठून तरी गेले!

आणि चेपण्याचा उद्योग. मासवणच्या मिस्त्रीनेही आधी तोच उपाय सुचवला: "मागची नळी चेपून बंद करून देतो, पुढच्या ब्रेकवर गावापर्यंत जाल." खोटे कशाला सांगू, संध्याकाळ झाली होती आणि आम्ही हो म्हणायच्या बेतात होतो. असे चेपलेले पिकअप आपल्या जिल्ह्यात किती फिरत असतील! रिकाम्या गाडीला ते चालल्यासारखे वाटते, कारण तेव्हा थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. कापूस लादला, कडब्याच्या पेंढ्या रचल्या की भार मागे जातो आणि मागच्या चाकांना ब्रेकच नसतो. गाडी थांबत नाही, किंवा आडवी होते. गॅसच्या शेगडीची तांब्याची नळी आणून जोडणारेही आहेत. ते तांबे हादऱ्यांनी कडक होते आणि तडकते. नळी हवी ती ब्रेकसाठीच बनवलेली, मुलामा दिलेल्या पोलादाची किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची, तोंडे दुहेरी दुमडलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. आम्ही रात्री मासवणलाच मुक्काम केला. सकाळी मिस्त्रीने नळी, तेल आणि मजुरी मिळून १,८०० रुपये घेतले. सरकार त्या सतरा वर्षांच्या गाडीकडून नुसत्या कागदाचे याच्या चौपटीहून जास्त मागते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, हळद-तूप लावतो, कुठे जू घासले ते बोटाने चाचपून पाहतो. पिकअपखाली वर्षातून एकदा तरी तसे कोणी झोपते का? गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. पट्ट्यांखाली आणि मागच्या एक्सलच्या वर बॅटरी मारा. ओल दिसली, फुगवटा दिसला, पापुद्रा सुटला तर ती गाडी हलवू नका. इंजिन चालू ठेवून पॅडल जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली बसत गेले तर कुठेतरी गळती आहे. आणि रस्त्यात पॅडल बसलेच तर ते भराभर पंप करा, गिअर खाली आणा, हँडब्रेक एकदम न खेचता ओढत जा.

कारण अपघात झाला की कोणी नळीचे नाव घेत नाही. गुन्हा चालवणाऱ्यावर. पूर्वी भारतीय दंड विधानाचे ३०४-अ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६ आहे. विमा कंपनी फिटनेसचा कागद मागते, आणि मालगाडीत माणसे होती म्हटले की हात वर करते. वेचणीच्या बायांना शेतावर न्यायला दुसरे वाहन कोणते, हे मात्र कोणी सांगत नाही. पास करणारा आपल्या खुर्चीत, विकणारा आपल्या गावात, आणि आपला पोरगा कोठडीत.

म्हणून या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. फिटनेसची फी वयावर नको. तपासणीत गाडीच्या खालच्या बाजूची, ब्रेकच्या नळ्यांची नोंद वेगळ्या रकान्यात हवी, आणि पास करणाऱ्याची सही त्या रकान्यासमोर हवी. किनाऱ्याच्या जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नावावर होणाऱ्या मालवाहू गाडीची ही तपासणी नव्याने व्हावी. ज्यांना यात भर घालायची असेल त्यांनी लिहून आणावे, भाषणे थोडी करावीत.

बैठकीला येताना पिकअप घेऊन या. पटांगणात चर खणून ठेवला आहे, बॅटऱ्या आणल्या आहेत, तालुक्याचे दोन मिस्त्री दिवसभर थांबणार आहेत. मासवणहून आणलेला तो नळीचा तुकडा नावनोंदणीच्या टेबलावर ठेवलेला असेल. नख लावून पाहा, आणि मग आपापल्या गाडीखाली शिरा.