नळ्या भंगारात जाण्याआधी

कॅम्पातल्या सेंट मेरीज् चर्चला २०२५ साली दोनशे वर्षं झाली. १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हीबर पुण्यात आले, तेव्हा त्यांनीच या चर्चचा अर्पणविधी केला. हीबर स्वतः गीतं रचत. ‘होली, होली, होली’ हे जगभरच्या चर्चांत गायलं जाणारं गीत त्यांचंच. गीतकाराच्या हातून सुरू झालेली ही वास्तू आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीवरून जाता जाता पाहिली असेल, तीही सिग्नल लाल असला तर.

मी धायरीत राहतो. ‘काका, आपल्या गावात धारेश्वराचं देऊळ आहे, तुम्हाला कॅम्पातल्या चर्चची काळजी कशाला?’ असं सोसायटीत मला विचारलं जातं. प्रश्न वाजवी आहे आणि त्याचं उत्तर धायरीतच आहे. त्यासाठी आधी जरा पेठांतून फिरून यावं लागेल.

क्वार्टर गेटच्या सिटी चर्चसाठी १७९२ मध्ये जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनच्या आवारातलं पवित्र नाम देवालय १८८५ चं. पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आलं, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण त्याच आवारातल्या मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे, हे ठाऊक आहे का विचारलं तर पेठेतला माणूसही मान खाजवतो. चहा लक्षात राहिला, देवालय विसरलं. तेव्हा हा वारसा ‘त्यांचा’ म्हणून हात झटकायची सोय पुणेकरांना नाही.

मला कळकळ आहे ती या वास्तूंच्या आतल्या वाद्याची. पाइप ऑर्गनची. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये तो आहे, १७१८ साली खुल्या झालेल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये आहे. हे वाद्य इमारतीतच बांधलेलं असतं. त्याला सहजासहजी उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि इमारत गळायला लागली की पहिला मार त्यालाच बसतो.

पट्टी दाबली की लाकडाची एक लांब, बोटभर रुंदीचीही नसलेली काडी ओढली जाते. तिच्या टोकाला झडप असते. ती उघडली की भात्यातली दाबलेली हवा नळीत शिरते आणि बासरीसारखी कडेवर फुटून वाजते. नळी आठ फुटांची असेल तर खर्ज मिळतो. तीच चार फुटांची केली की स्वर एक सप्तक वर जातो. सोळा फुटी नळी वाजते तेव्हा बसल्या बाकाचं लाकूड थरथरतं. पूर्वी भाता मारायला पडद्याआड एक पोरगा बसायचा, पुढे विजेचा पंखा आला. बाकी यंत्रणा जुनीच: लाकूड, चामडं, शिसं आणि कथील.

यातल्या लाकडा-चामड्याला आपली हवा सोसत नाही. उन्हाळ्यात लाकूड तडकतं, पावसाळ्यात फुगतं. चामडं वाळून फाटतं, नाहीतर उंदीर खातात. मग एखादी झडप अडकते आणि पट्टी सोडली तरी तो स्वर थांबत नाही, उपासना चालू असताना एकसारखा बोंबलत राहतो. असं दोनदा झालं की मंडळी वैतागतात. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येतो, ऑर्गनवर चादर पडते. मी कीबोर्डवाल्यांना दोष देणार नाही. रविवार निभवायचा असतो. पण न वाजणारा ऑर्गन वाजणाऱ्यापेक्षा लवकर मोडतो, आणि शिसं-कथिलाच्या नळ्यांना भंगारच्या काट्यावर किलोनं भाव मिळतो, हे कुणीतरी त्यांना वेळेत सांगायला हवं.

‘आपल्या हवेत हे टिकणारच नाही’ ही पळवाट आहे. मनिलाजवळ लास पिन्यासच्या चर्चमध्ये बांबूच्या नळ्यांचा ऑर्गन आहे, धर्मगुरू दिएगो सेरा यांनी १८२४ मध्ये पुरा केलेला. तिथली हवा आपल्यापेक्षा दमट, वर भूकंप आणि वादळं. तो पार खिळखिळा झाला, तेव्हा १९७३ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनला पाठवला. १९७५ मध्ये तो परत आला आणि आज त्याच्या नावानं दरवर्षी महोत्सव भरतो. जर्मनीतली ऑर्गन घडवण्या-वाजवण्याची परंपरा २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तेवढं मोठं स्वप्न मी दाखवत नाही.

आणि ऑर्गन म्हटलं की मराठी माणसाला परकं काय वाटावं? बालगंधर्वांच्या पदांना ऑर्गनची साथ असे. पायानं भाता मारायची ती पायपेटी पितळी पात्यांवर वाजते, पण तिचा सगळा रुबाब चर्चमधल्या थोरल्या भावंडाकडून आलेला. पायपेटी अजून वाजवणारे आणि शिकवणारे पुण्यात आहेत. त्यांना माझी विनंती आहे: एका चर्चमध्ये जा, पाळकांना भेटा, अर्धा तास बसू द्या म्हणा. पट्ट्यांचे दोन थर आणि पायांखालची लाकडी पट्ट्यांची रांग पाहून गडबडाल, पण महिनाभरात हात बसेल.

आता धायरी. आपल्याकडच्या आणि नऱ्ह्याच्या शेडमध्ये लेथ आहेत, सुतार आहेत, पंख्याची मोटर बांधून देणारे आहेत. ओळखीच्या एका कारागिराला मी ऑर्गनच्या तुटलेल्या लाकडी काडीचा फोटो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, ‘काका, बनवून देतो. पण माप कुठाय? शेजारी पट्टी ठेवून काढायचा ना फोटो.’ आमच्या वारसाप्रेमाची परीक्षा त्यानं एका वाक्यात घेतली.

म्हणून फोटो काढणाऱ्यांना सांगणं. रंगीत काचांतून पडणारं ऊन आणि कमानीखालची जोडपी पुष्कळ झाली. आता पट्ट्यांचा जवळून फोटो हवा, वाद्यावर घडवणाऱ्याच्या नावाची पाटी असेल तर ती हवी, स्टॉपच्या, म्हणजे नळ्यांचा कुठला संच वाजवायचा ते ठरवणाऱ्या, गोल मुठींवरची अक्षरं हवीत, भात्याची शिवण आणि नळ्यांचे पोचे हवेत, प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवून. त्याबरोबर प्रत्येक स्वराचं ध्वनिमुद्रण, कुठला स्टॉप ओढला होता त्याच्या नोंदीसह. त्या दिवसाचं तापमानही लिहा. हवा तापली की नळ्यांचा स्वर चढतो. वारसा-यादीत नाव असतं ते इमारतीचं. आतल्या वाद्याचा कागद बहुधा कुठेच नसतो. कुठल्या चर्चमध्ये किती नळ्या, कुणी घडवल्या, किती वाजतात, एवढा तक्ता पुण्यापुरता तरी झाला पाहिजे. दुरुस्तीसाठी पैसे मागायला गेलं की पहिल्यांदा तोच मागतात.

पथ्यं थोडीच आहेत. पाळक आणि चर्चचा कारभार पाहणारी पास्टरेट कमिटी यांची परवानगी घेतल्याशिवाय जायचं नाही. उपासनेच्या वेळी कॅमेरा पिशवीत. लोक तिथे देवापुढे बसलेले असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्साहाच्या भरात काही चिकटवायचं नाही. जुनं चामडं सरसानं लावलेलं असतं, कारण ते पुढच्या कारागिराला सोडवता येतं. फेव्हिकॉल लावलात तर त्याला लाकूड तासावं लागेल. सुटी झालेली नळी सापडली तर खोक्यात घालून, वर जागा लिहून, तिथेच ठेवा.

कमिट्यांनाही हात जोडून एवढंच: चादर काढा. विजेची जोडणी तपासून घेतली की आठवड्यातून एकदा अर्धा तास, जेवढे स्टॉप चालतात तेवढ्यांवर वाजू द्या. एखादी नळी बेसूर लागली तरी चालेल. मंडळीतल्या दोन मुलांना शिकायला बसवा. आणि नळ्या विकायचा विषय बैठकीत निघालाच, तर निर्णय एक पावसाळा पुढे ढकला.

धायरीतून आम्ही काही जण तयार आहोत: एक सुतार, एक मोटरवाला, कॉलेजची कॅमेरावाली पोरं आणि मी, तक्ता लिहायला. पायपेटी वाजवणारं कुणी अजून मिळालेलं नाही. ती जागा भरली की पहिलं पत्र कुठल्या पाळकांना लिहायचं ते ठरवू.