बोटीचे इंजिन भंगारात काढण्याआधी

मा. संपादक,

पूर-बचावाच्या बोटींची जुनी इंजिने भंगारात काढा, असे सांगणारा आपल्याकडील लेख वाचला. बॅटरी नसल्याने ठिणगी पडत नाही, हे त्यातले निदान साफ चूक आहे. दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनात मॅग्नेटो असतो. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलजवळून फिरले की वीज तिथेच तयार होते.

प्लग बदलूनही ठिणगी नाही म्हणजे इंजिन गेले, हेही घाईचेच. आधी सेफ्टी दोरीचा स्विच जागेवर आहे का, ते पाहावे. मग मॅग्नेटोतले पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क). पडून राहिलेल्या इंजिनाच्या पॉइंटवर थर चढतो; तो घासून काढावा आणि फीलर गेजने कंपनीने दिलेली फट ठेवावी. बहुधा ती ०.३५ ते ०.५ मि.मी. असते. पॉइंट पुन्हा लगेच काळे पडले तर कंडेन्सर बदला. सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) इंजिनात सहसा पॉइंट नसतातच. हा भेद लेखकाच्या गावीही नाही.

सुटे भाग इकडे सहज मिळत नाहीत, एवढे मान्य.

'कोरडे चालवून पाहा' हा सल्ला मात्र घातक आहे. पाण्याविना इंजिन गार ठेवणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. नदी आटली असेल तर इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ते चालवावे. (उन्हाळ्यात आमच्याकडे तो ड्रम भरणे हेच खरे काम!)

सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा नदीचा पूर आम्ही पाहिला आहे. पावसाळ्याआधी ही तपासणी कोण करणार, तेवढे छापा.

— एक मेकॅनिक वाचक, शिरूर कासार (जि. बीड)