मिळकत वाढली म्हणजे खर्चही वाढवावा काय?

पैसा हेच सर्व अनर्थांचे मूळ, असे शास्त्रवचन असल्याची पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः पौलाने तीमथ्याला धाडलेल्या पहिल्या पत्रात दोष दिला आहे तो पैशास नव्हे, तर त्याच्या लोभास. हा भेद लहान नाही. पैसा त्याज्य म्हटला की हिशेबाची जबाबदारी टळते. लोभ त्याज्य म्हटला की वही उघडावीच लागते.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा दाखला दिला आहे. तो तरुण ते स्वतःच, असे मानतात. वार्षिक उत्पन्न ३० पौंड असता तो २८ पौंडांत निर्वाह करी व २ दान करी. पुढे उत्पन्न ६०, ९०, १२० पौंड झाले, तरी निर्वाहखर्च २८च राहिला. वाढले ते दान.

आमच्यांत मात्र पगाराच्या आधीच खर्च वाढतो. मोबाईल हप्त्यांवर येतो, लग्न कर्जावर होते, आणि दानपेटीत पडते ती उरलेली चिल्लर. ऋणको धनकोचा दास होतो, हा नीतिसूत्रांचा इशारा आपण ऐकतो, पण सही करताना विसरतो.

तो तरुण एकटा होता, संसारी माणसास २८चा आकडा बांधून घेता येणार नाही, हे खरे. परंतु आपली गरज किती, हे मिळकतीने ठरवू नये. ते आपण प्रभूसमोर बसून ठरवावे. विद्यार्थिबंधुभगिनींनी हा अभ्यास खाऊच्या पैशांपासूनच आरंभावा. पहिल्या पगाराच्या दिवशी तो नव्याने शिकणे फार जड जाते.