फ्रेंच अक्षरांवरील खुणा

आमच्या वाचकांच्या घरांतून फ्रेंच शिकणारीं मुलें आतां विरळा नाहींत. आणि त्यांची पहिली तक्रार बहुधा अक्षरांवरील खुणांविषयींच असते. या खुणा केवळ शोभेच्या, घाईंत गाळल्या तरी चालतील, असा समज असल्यास तो वेळींच दूर झालेला बरा.

खुणा एकंदर पांच. उजवीकडे चढत जाणारी तिरकी रेघ ‘ई’ या अक्षराचा उच्चार ‘ए’ करते. तिच्या उलट रेघ तो अधिक पसरट करते. दोन टिंबें शेजारचे स्वर निरनिराळे उच्चारावयास सांगतात. नाताळास ‘नोएल’ म्हणतात तें त्यांच्याच बळावर. ‘क’ असा उच्चार होणाऱ्या ‘सी’स खालून शेपटी लागली कीं त्याचा ‘स’ होतो. उरली टोपी. ती पुष्कळदां लोपलेल्या ‘स’चें स्मारक असते. इंग्रजी ‘हॉस्पिटल’ व ‘फॉरेस्ट’ यांत ऐकूं येणारा ‘स’ फ्रेंच ‘ओपिताल’ व ‘फोरे’ यांत टोपीरूपानेंच शिल्लक आहे. फ्रेंच अकादमीनें १७४० च्या कोशांत असे अनेक मुके ‘स’ काढून तेथें ही टोपी बसविली.

खूण चुकली कीं अर्थाचा अनर्थ होतो. ‘पेशर’ या शब्दांत टोपी घातली तर कोळी, तिरकी रेघ घातली तर पापी! ‘त्यु’ म्हणजे ठार मारतो. शेवटीं रेघ आली कीं ‘त्युए’, म्हणजे ठार झालेला. मोठ्या अक्षरांच्या मथळ्यांत ही रेघ गाळली, तर पोलीस मेला कीं त्यानें कोणास मारिलें, हें कसें कळावें? जुन्या टंकयंत्रांवर अशा मोठ्या अक्षरांस जागाच नसे, त्यामुळें ही संवय बळावली. अकादमी मात्र तेथेंहि खूण आवश्यक मानते, आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच कळफलकाच्या मानकांत तिची सोय केलेली आहे.

टोपी टंकण्याची रीत जुनीच आहे : आधीं टोपीची कळ, मग अक्षराची. टंकयंत्रावर टोपी उमटे, पण गाडी सरकत नसे; पुढचें अक्षर तिच्याच खालीं बसे. संगणकावर अक्षर येईपर्यंत बहुधा कांहींच दिसत नाहीं, म्हणून नवशिक्यानें गोंधळूं नये.

१९९० सालीं ‘आय’ व ‘यू’ यांवरील टोपी, अर्थभेद होत नसेल तेथें, ऐच्छिक ठरली. २०१६ सालीं पाठ्यपुस्तकांतून ती जाणार म्हणतांच फ्रान्सांत केवढा गहजब झाला! अनुच्चारित अनुस्वारांवरून आपल्याकडेहि वाद झालेच, आणि १९६२ च्या नियमांनीं ते अनुस्वार गेले. काय राखावें व काय टाकावें हें ती ती भाषा बोलणारांनीं ठरवावें. शिकणाऱ्यानें मात्र खूण हें शब्दाचेंच अंग समजून, शब्दाबरोबरच ती पाठ करावी.