पाच अक्षरं, शेवटी वाय

गणेशोत्सवातल्या मुलांच्या कार्यक्रमात इंग्रजी शब्दखेळाची स्पर्धा ठेवावी की नाही, यावर आपल्या मंडळात बराच खल चालू आहे. मराठी मंडळात इंग्रजी कशाला, असं एका बाजूचं म्हणणं. त्या निमित्तानं का होईना, मुलं हॉलमध्ये येऊन बसतात तरी, असं दुसरीचं. या वादात मला पडायचं नाही. माझं भांडण आहे ते स्पर्धेच्या तयारीसाठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या याद्यांशी. 'शेवटी वाय असलेले पाच अक्षरी शब्द', 'शेवटी ई असलेले पाच अक्षरी शब्द', अशी पानंच्या पानं. अर्थ नाही, उच्चार नाही, एक वाक्य नाही. घ्या आणि घोका.

आधीच सांगतो, लांबी आणि शेवटचं अक्षर पाहून शब्द लावण्यात मला काही गैर वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं, त्यांनी 'देव' अकारान्त, 'माला' आकारान्त, 'कवि' इकारान्त हे सगळं शेवटाकडूनच शिकलेलं आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं 'अनेकार्थसंग्रह' नावाचा कोश रचला. त्याचे कांड शब्दांच्या लांबीवर पाडलेले आहेत: एका स्वराचे शब्द आधी, मग दोन स्वरांचे, मग तीन. प्रत्येक कांडात पुन्हा शेवटच्या व्यंजनानुसार मांडणी. इंग्रजीत जॉन वॉकरनं १७७५ साली शब्दांच्या शेवटांवरून लावलेला कोश काढला, यमक जुळवणाऱ्यांना तो फार उपयोगी पडला. (आता 'बघा, सगळं आपल्याकडे आधीच होतं' असा फॉरवर्ड कृपा करून कोणी काढू नये. वॉकरला हेमचंद्र माहीत असण्याचं कारण नव्हतं.) मुद्दा एवढाच, की हेमचंद्राच्या कोशात प्रत्येक शब्दापुढे अर्थ आहेत, आणि एकाच शब्दाचे अनेक अर्थ सांगण्यासाठीच तो कोश आहे. आपल्या गटावरच्या यादीत नेमकं तेच गाळलेलं असतं.

आणि गाळल्यामुळे जातं काय, ते पाहा. वायची यादी घेऊ. डर्टी, मडी, रेनी, सॉल्टी, डस्टी. पाचही शब्दांत आधी एक साधं नाम आहे, डर्ट, मड, रेन, सॉल्ट, डस्ट, आणि त्याला वाय जोडून विशेषण केलेलं. जुन्या इंग्रजीत हे शेपूट 'इग' असं होतं. जर्मन शिकणाऱ्या मुलांना ते तिथे आजही भेटतं. त्याच यादीत पुढे स्टोरी आणि ग्लोरी. इथे वायचा त्या शेपटाशी काही संबंध नाही. हे लॅटिनमधले हिस्टोरिया आणि ग्लोरिया, फ्रेंचमार्गे आलेले. म्हणजे हिस्टरी आणि स्टोरी ही मुळात सख्खी भावंडं. मग डॅडी, आंटी: इथला वाय लाडाचा. आणि मग रिप्लाय, अप्लाय, इम्प्लाय. वाय तोच, पण उच्चार 'ई' नाही, 'आय'. तिघांच्याही मुळाशी घडी घालणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. एवढं एकदा कळलं की मल्टिप्लायसुद्धा आपोआप उलगडतो, कारण तोही त्याच घरातला. शिवाय कँडी आहे. संस्कृत 'खंड' फारसी, अरबी आणि फ्रेंच अशा दारांनी फिरून अमेरिकेतल्या हॅलोवीनच्या पिशवीत पोचला, तो हा. एका यादीत पाच कुळं नांदतायत, आणि आपण मुलाला सांगतो, पाठ कर.

ईची यादी तर याहून मजेची. इंग्रजी शब्दाच्या शेवटी हा ई बहुधा मुका असतो, आपण मात्र त्याला रिकामटेकडा समजतो. प्लॅनला ई लावा, प्लेन होतं. स्पिनला लावा, स्पाइन. आधीचा स्वर लांबवणं हे त्याचं एक काम. डान्स, व्हॉइस, जज, लार्ज इथे तो सी आणि जी या अक्षरांना मऊ ठेवतो. लीव्ह, सर्व्ह, ग्लव्ह इथे तो आहे, कारण इंग्रजी लिहिण्याच्या रीतीत शब्द व्हीवर संपवत नाहीत. टेन्स आणि लॅप्स यांत तर तो पहारेकरी आहे. तो काढला तर उरतं दहा या आकड्याचं आणि मांडी या शब्दाचं अनेकवचन. कधी काळी हा शेवटचा स्वर बोललाही जायचा. चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत तो जिभेवरून गेला, कागदावर राहिला. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा, आणि मग तिला यादीतल्या शब्दांची या कामांनुसार वाटणी करायला लावा. अर्धा तास जाईल, पण पुढची शंभर स्पेलिंगं तिला घोकावी लागणार नाहीत.

आय या अक्षरावर संपणाऱ्या पाच अक्षरी शब्दांची यादी छोटी असते, आणि ती उघडली की आपली माणसं दिसतात: स्वामी, धोती, लस्सी, बिंदी, खाकी, शेजारी जपानी सुशी. अस्सल इंग्रजी शब्द आयवर जवळपास संपतच नाहीत, त्यामुळे ही पाहुण्यांची पंगत आहे. मराठीनंही एक पाहुणा पाठवलाय, पण त्याला शोधायला आठ अक्षरी, ई-अंती यादीत जावं लागेल. मुंगूस तिथे मॉन्गूस होऊन बसलंय. स्पेलिंगात गूस हा पक्षी दिसत असला तरी त्याच्याशी काडीचा संबंध नाही, म्हणून अनेकवचन मॉन्गीस होत नाही, मॉन्गूसेस होतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आपण पाढे पाठ केलेच ना, मग यांनी शब्द पाठ केले तर बिघडलं कुठे? बिघडलं असं, की पाढा पाठ असला तर वाण्याचा हिशेब करता येतो. ही यादी पाठ असली तर फक्त यादी म्हणता येते. याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. स्क्रॅबलमधला हा बहुधा सर्वश्रेष्ठ खेळाडू. २०१५ साली त्यानं काही आठवड्यांत फ्रेंच शब्दकोश डोक्यात भरला आणि बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. फ्रेंचमध्ये त्याला संभाषण करता येत नव्हतं. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्यानं तेच केलं. मला या माणसाचं मनापासून कौतुक आहे. पण त्याला फ्रेंच येतं, असं तो स्वतःही म्हणणार नाही. ती स्मरणशक्तीची कसरत आहे, आणि कसरत म्हणून थोर आहे. आपण मात्र मुलांना तीच कसरत 'व्होकॅबुलरी वाढते' या नावाखाली करायला लावतो.

उलट, पाच अक्षरी शब्द ओळखायच्या ज्या वर्डलमुळे या याद्यांचं पीक आलं, त्या खेळाची गोष्ट वेगळं काही सांगते. जॉश वॉर्डल यानं तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला. २०२१ च्या ऑक्टोबरात तो सर्वांना खुला झाला आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं विकतही घेतला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे तेरा हजार निघतात. तेवढेच्या तेवढे उत्तरात ठेवले असते, तर खेळ आठवड्यात मेला असता. पलकनं ती अख्खी यादी नजरेखालून घातली, आपल्याला माहीत असलेले आणि नसलेले शब्द वेगळे केले, आणि त्यातून उत्तरांसाठी साधारण २३०० उरले. खेळ चालला, कारण एका माणसानं प्रत्येक शब्दाला 'तुला मी ओळखते का?' असं विचारलं होतं. आपल्या गटांवरच्या याद्यांना तेवढंही कोणी विचारत नाही.

आणि आपल्या लाडक्या, अमेरिकेतल्या स्क्रिप्स स्पेलिंग बीचं काय? १९८५ मध्ये बालू नटराजन जिंकला तेव्हापासून ही स्पर्धा भारतीय घरांत जणू कुळाचार झाली आहे. २०१९ मध्ये आठ जण संयुक्त विजेते ठरले, त्यांतले सात भारतीय वंशाचे. पण स्क्रिप्सच्या संयोजकांनाही निव्वळ अक्षरं पुरेशी वाटली नाहीत. २०१३ पासून त्यांनी लेखी चाचणीत शब्दार्थ आणला, आणि २०२१ पासून मंचावरही अर्थ विचारायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी टेक्सासची हरिणी लोगन स्पेलिंगवर नाही, एका शब्दाच्या अर्थावर बाद झाली. परीक्षकांनी पुन्हा तपासलं, तिचा अर्थही बसतो असं ठरवून तिला परत आत घेतलं, आणि शेवटी तीच जिंकली. त्या एका शब्दावर परीक्षकांनी जी खलबतं केली, ती मला अख्ख्या स्पर्धेतला सर्वात शहाणपणाचा भाग वाटतात.

तेव्हा स्पर्धा खुशाल ठेवा, याद्याही वापरा. नियम मात्र बदला. शब्द ओळखल्याचे निम्मेच गुण द्यावेत. उरलेले निम्मे, त्या शब्दाचा अर्थ मुलानं आपल्या मराठीत सांगितला तर. मोडक्यातोडक्या मराठीत सांगितला तरी पूर्ण. शेवटच्या फेरीत वीस शब्द देऊन त्यांची कुळं लावायला सांगावीत, आणि आईबाबांनाही सोबत बसू द्यावं, कारण निम्म्या शब्दांशी तेही अडतील. मराठी मंडळात इंग्रजी कशाला, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळून जाईल. ही सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. ज्यांना पटत असेल त्यांनी पुढच्या बैठकीला यावं आणि हात वर करावा. ज्यांना पटत नसेल त्यांनीही यावं, पण येताना गटावरच्या यादीतले पाच शब्द अर्थासकट घेऊन यावेत.